खजिनदाराची रजा : इंदूरच्या एका मंडळीतील आत्मिक कोमटपणाचे प्रकरण

या प्रकरणाविषयी

हे प्रकरण इंदूरमधल्या एका ख्रिस्ती मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आहे. मी त्या मंडळीत सहा वर्षे पाळक (धर्मगुरू) होतो आणि निवृत्तीनंतर याच शहरात राहिलो. त्यामुळे यातला बराचसा भाग मी स्वतः पाहिला आहे, आणि काही भागाला मी स्वतः जबाबदारही आहे. संबंधित गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि मंडळीचा चौकीदार यांच्या संमतीने ते लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे दिलेली नाहीत. मंडळीत त्या गृहस्थांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

विश्वास सोडून गेलेल्या माणसांसाठी आपण प्रार्थना करतो, त्यांच्या घरी जातो, त्यांची वाट पाहतो. पण जो कधीच सोडून गेला नाही, ज्याचा एकही रविवार चुकला नाही आणि तरीही ज्याच्या आत वर्षानुवर्षे काही हलले नाही, त्याच्या घरी आपण विचारपूस करायला जात नाही. त्याच्याकडे आपण जातो ते बहुधा त्याची सही घ्यायला. हे प्रकरण लिहिण्याचे माझे कारण एवढेच आहे.

पार्श्वभूमी

इंदूर परिसरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ साली सुरू झाले आणि तेव्हापासून इथल्या बहुतेक मंडळ्यांची उपासना हिंदीत चालत आली आहे. नगर, जालना या भागांतून रोजगारासाठी आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे याच मंडळ्यांत सामावली. त्यांचे रविवारचे गाणे हिंदी झाले आणि घरातली प्रार्थना मराठी राहिली. निदान पहिल्या पिढीपुरती तरी राहिली.

भाऊंचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून इंदूरला येऊन कापड गिरणीत लागले. परदेशीपुऱ्याच्या बाजूला त्यांची एक खोली होती. डिसेंबर १९९१मध्ये ती गिरणी बंद पडली, तेव्हा भाऊ बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पगार थांबला आणि थकबाकीचा पत्ता नव्हता. त्या दिवसांत संध्याकाळी पाच-सहा कुटुंबे त्यांच्या खोलीत जमत. भाऊंची आई झांजेवर भजन धरी आणि मग प्रत्येक जण प्रार्थना करी. त्या प्रार्थनांविषयी भाऊंनी मला सांगितलेले एक वाक्य मी जसेच्या तसे देतो : “पाळकसाहेब, तेव्हा आम्ही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणायचो, त्या वेळी डब्यात पीठ किती उरलंय हे प्रत्येकाला माहीत असायचं.”

त्याच काळात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भाऊ ख्रिस्ताकडे मनापासून वळले. बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, पण विश्वास स्वतःचा झाला तो तेव्हा. ते सायकलवरून एम.वाय. या सरकारी रुग्णालयात ओळखीच्या आणि अनोळखी रुग्णांना डबे पोहोचवत. संडे स्कूलमध्ये शिकवत. रात्री चाळीतल्या दिव्याखाली बायबलमधले मार्काचे शुभवर्तमान मोठ्याने वाचत, कारण शेजारच्या एका म्हाताऱ्या कामगाराला वाचता येत नव्हते आणि त्याला ऐकायचे होते.

पुढे सगळे मार्गी लागले. एका खासगी कंपनीत लेखा विभागात नोकरी, लग्न, एक मुलगा, विजयनगरच्या पुढे स्वतःचा फ्लॅट. २००७ साली मंडळीने त्यांना खजिनदार केले आणि त्यानंतर ती निवडणूक कधी झालीच नाही, कारण दुसरे नाव कोणी सुचवलेच नाही. हिशेब पैशापैशापर्यंत जुळणारा आणि पावती कधी न हरवणारा माणूस मिळाला म्हणजे मंडळी निश्चिंत होते. मीही झालो होतो.

प्रश्न कसा उघड झाला

जानेवारी २०२५मध्ये मंडळीच्या चौकीदाराची आई एम.वाय.मध्ये दाखल होती. म्हातारीला श्वास घेणे जड जात होते. भाऊ ऑफिसातून परतताना तिला भेटायला गेले, खिशात दोन हजार रुपयांचे पाकीट घेऊन. वॉर्डात पलंगाशेजारी चौकीदार जमिनीवर बसला होता. पाकीट त्याने दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाला, “भैया, अम्मा के लिए प्रार्थना कर दो।”

भाऊंनी डोळे मिटले. “हे प्रभू” एवढे शब्द निघाले आणि पुढे काही येईना. मनात आले ते वार्षिक सभेच्या सुरुवातीला दर वर्षी म्हटले जाणारे वाक्य : या सभेला आशीर्वादित कर आणि तिचे कामकाज सुरळीत पार पाड. ते वाक्य तिथे म्हणता येण्यासारखे नव्हते. काही क्षण तसेच गेले. म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. शेवटी “पादरी साहब को भेजता हूँ” असे म्हणून ते निघून आले. आधी तासभर रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहिले आणि मग घरी गेले.

रात्री त्यांनी हे पत्नीला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. त्या म्हणाल्या, “ह्यांना काही झालेलं नाही, पाळकसाहेब. सगळं ठीक चाललंय, आणि तेच मला इतकी वर्षं बघवत नव्हतं. काल पहिल्यांदा ह्यांना ते खुपलं.”

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते या प्रकरणात तिचे वजन रुग्णालयातल्या प्रसंगाइतकेच आहे. भाऊंचे आईवडील हयात असेपर्यंत रोज संध्याकाळी गिरणीच्या थकबाकीसाठी प्रार्थना करीत. दोघेही ते पैसे न पाहता गेले. डिसेंबर २०२३मध्ये, बत्तीस वर्षांनी, त्या गिरणीच्या कामगारांच्या सुमारे २२४ कोटी रुपयांच्या थकबाकीचा प्रश्न सुटला आणि पुढे वडिलांचा हिस्सा वारस म्हणून भाऊंच्या खात्यात जमा झाला. भाऊंनी बँकेचा संदेश पाहिला, रक्कम मुदतठेवीत टाकली आणि जेवायला बसले. आभाराचा एक शब्द त्या घरात उच्चारला गेला नाही. “सासूबाई असत्या तर रात्रभर भजन चाललं असतं,” वहिनी म्हणाल्या.

निदानाचा गुंता

पहिला निर्णय घ्यायचा होता तो हा की ही गोष्ट नेमकी कोणत्या जातीची आहे. आपल्याकडे पाळक मंडळी इथेच चुकतात, आणि मीही पूर्वी चुकलो आहे. ज्याला नैराश्याचा आजार आहे अशा माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसाला पळायला लावणे. म्हणून सर्वांत आधी मी भाऊंना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि झोप, भूक, कामातले लक्ष, उदासी यांविषयी मोकळेपणाने बोलायला सांगितले. साखर थोडी वाढलेली निघाली. बाकी चिंता करण्यासारखे डॉक्टरांना काही आढळले नाही.

दुसरा फरक अधिक नाजूक आहे. प्रार्थनेत काही जाणवत नाही, देव दूर गेल्यासारखा वाटतो, अशी शुष्कता मोठमोठ्या विश्वासणाऱ्यांच्या वाट्याला आलेली आहे. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७मध्ये त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी अनेक वर्षे असा अंधार सोसला होता हे जगाला कळले. परंतु त्या पत्रांत वेदना आहे, ओढ आहे, हाक आहे. शुष्कतेत माणूस तहानलेला असतो. भाऊंना तहान नव्हती. त्यांना काही कमी आहे असे वाटतच नव्हते, आणि रुग्णालयातल्या त्या दोन मिनिटांत ते पहिल्यांदा वाटले. म्हणून मी याला शुष्कता न म्हणता कोमटपणा म्हटले.

तो शब्द अर्थातच प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातला, लावदिकीया या प्राचीन शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला आहे. आम्ही दोघांनी ते पत्र एका संध्याकाळी सावकाश वाचले. मी त्यांना सांगितले की, लावदिकीयाजवळच्या हिरापलीला गरम पाण्याचे झरे होते आणि कलस्सैचे पाणी थंड होते, असे अभ्यासक दाखवून देतात. गरम पाणी अंग शेकायला, थंड पाणी तहान भागवायला, दोन्ही उपयोगाची. कोमट पाणी यांपैकी कशाच्याच उपयोगाचे नाही. म्हणजे तिथे तक्रार उत्साहाचा पारा खाली गेल्याची नाही, त्या मंडळीचा कोणा थकलेल्याला वा तहानलेल्याला उपयोग उरला नाही याची आहे. दुसरी गोष्ट ऐकून भाऊ गप्प झाले. इसवी सन ६०च्या सुमारास भूकंपाने ते शहर पडले, तेव्हा रोमची मदत न घेता त्याने स्वतःच्या पैशाने स्वतःला पुन्हा उभे केले, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटस याने केली आहे. मला काही उणे नाही, असे ती मंडळी म्हणत होती, आणि ते हिशेबाने खरेही असावे.

बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाले, “म्हणजे ताळेबंद जुळलेला होता.”

समोर असलेले पर्याय

काहीच न करणे हा एक पर्याय होता, आणि तो मी खरोखर विचारात घेतला. वयाबरोबर भावना निवतात, तरुणपणीचा आवेग पन्नाशीत शोधणे बरोबर नाही, असे म्हणणारे वडीलधारे मंडळीत आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. लग्नाच्या तिसाव्या वर्षी पहिल्या वर्षासारखे हृदय धडधडत नाही म्हणून प्रेम आटले असे होत नाही. पण तिसाव्या वर्षी पत्नी आजारी पडली आणि नवऱ्याला तिच्याशी बोलायला एक शब्द सापडला नाही, तर तो वयाचा परिणाम नव्हे. म्हणून हा पर्याय मी सोडला.

सध्याच्या पाळकांनी संजीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा चेतवण्यासाठीची सभा, सुचवली. फेब्रुवारीत बाहेरगावचे वक्ते येणार होते, तीन रात्री मांडव पडणार होता. मला सभांचा विरोध नाही. माझे स्वतःचे पाचारण एका सभेत झाले. परंतु भाऊ आजवर अशा पंधरा तरी सभांचे खजिनदार राहिले होते. मांडवाचे भाडे आणि जनरेटरचे डिझेल त्यांना तोंडपाठ होते. शिवाय संजीवनाचा आपला मराठी इतिहास वेगळेच सांगतो. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जे संजीवन झाले, त्याच्या आधी काही महिने तिथे रोजची सामुदायिक प्रार्थना चाललेली होती. तिथे मोजक्या माणसांनी न चुकता एकत्र येणे हे पेरणीसारखे आधी घडले होते.

वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढण्याची योजना हा तिसरा पर्याय स्वतः भाऊंचा. प्रोटेस्टंट शास्त्रात एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोज सव्वातीन. त्यांनी हा भागाकार माझ्यासमोर तोंडीच केला, आणि त्यातूनच मला कळले की हा मार्ग त्यांच्यासाठी नाही. मार्ग वाईट आहे म्हणून नव्हे. पण या माणसाने तो पूर्ण केला असता, वेळेत केला असता, आणि आणखी एक खाते जुळवून बंद केले असते.

चौथा पर्याय होता खजिनदारपदाचा राजीनामा. याविषयी आम्ही सर्वाधिक बोललो. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला एक जुना नियम आहे की, मन उदास आणि अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. भाऊंची अवस्था तंतोतंत ती नव्हती, तरी मला त्या नियमात शहाणपण दिसले. राजीनामा हा मोठा आवाज झाला असता, मंडळीत तर्कवितर्क सुरू झाले असते, आणि भाऊंना दुखावलेल्या माणसाची भूमिका आयती मिळाली असती.

या चर्चेत असतानाच एक गोष्ट समोर आली आणि तिने निर्णय जवळजवळ आपोआप झाला. आमच्या उपासनेत अर्पण उपदेशाच्या आधी घेतले जाते. थैल्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत, जातात, आणि खजिनदार एका मदतनिसाबरोबर तिथे बसून मोजणी करतो. उपदेश स्पीकरवरून ऐकू येतो, पण नाण्यांच्या चळती लावताना, नोटांना रबर घालताना आणि नोंदवहीत आकडे भरताना तो कितीसा ऐकला जाणार? मी सहज विचारले, “भाऊ, पूर्ण उपदेश शेवटचा कधी ऐकला?” त्यांनी आठवून पाहिले. २००७पासून त्यांनी एकही ऐकला नव्हता. शेवटच्या आशीर्वादालाच ते बाहेर येत. त्यातली सहा वर्षे व्यासपीठावर मी होतो. त्यांची जागा दर रविवारी रिकामी असे आणि ती मला कधी दिसली नाही, कारण मला ठाऊक होते की ते कामात आहेत.

निर्णय आणि कृती

ठरले ते असे. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस), ५ मार्च २०२५ ते पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), ८ जून, अशी ९६ दिवसांची रजा. राजीनामा नाही. या काळात मोजणी नाही, वह्या नाहीत, बँक नाही, कमिटीची बैठक नाही. रविवारी त्यांनी वहिनींच्या शेजारी बाकावर बसायचे आणि शेवटपर्यंत बसून राहायचे. कमिटीत यावर दीड तास चर्चा झाली. मार्चअखेर वर्षाचा ताळा असतो, अशा वेळी खजिनदार रजेवर कसा जाऊ शकतो, हा आक्षेप रास्त होता. दोन तरुण सभासदांनी मिळून मोजणी करायची आणि भाऊंच्या ओळखीच्या एका लेखापालाने वह्या पाहायच्या, अशी सोय झाली.

बाकीच्या दोन गोष्टी आम्ही प्रकटीकरणाच्याच दुसऱ्या अध्यायातून घेतल्या. इफिसच्या मंडळीने पहिली प्रीती सोडली, असे म्हटल्यावर तिला ‘पहिल्यासारखे वाटून घे’ असे सांगितलेले नाही. कोठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर आणि आपली पहिली कृत्ये कर, असे सांगितले आहे. भावना कोणाला हुकमाने आणता येत नाही, कृत्य करता येते. मी भाऊंना विचारले, तुमची पहिली कृत्ये कोणती? त्यांना सांगायला वेळ लागला नाही : मार्क मोठ्याने वाचणे आणि एम.वाय.मध्ये जाणे.

म्हणून रोज रात्री मार्काच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग, फक्त एक, मराठीतून आणि मोठ्याने. मराठीचा आग्रह माझा. आई गेल्यापासून भाऊंनी मराठीत प्रार्थना केली नव्हती. चर्चमधली हिंदी त्यांना उत्तम येते, पण ती त्यांना सभेची भाषा झाली होती. वॉर्डात जे वाक्य आठवले तेही याच भाषेतले. आणि दर गुरुवारी संध्याकाळी एम.वाय. रुग्णालय, चौकीदाराच्या आईपाशी अर्धा तास. एकच अट, आणि ती त्यांना फार जड गेली : पाकीट न्यायचे नाही.

मध्येच आलेली वळणे

पहिले वळण माझ्या चुकीचे. मी त्यांना एक वही दिली होती, वाचून झाल्यावर देवाला उद्देशून एक ओळ लिहिण्यासाठी. तीन आठवड्यांनी त्यांनी ती अभिमानाने दाखवली. पट्टीने आखलेले चार रकाने होते : दिनांक, अध्याय व ओव्या, वाचनाचा वेळ मिनिटांत, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘ठीक’ असे लिहिले होते. २२ मार्चच्या पुढे ‘लागू नाही’ असे होते, कारण त्या दिवशी ताप होता. मी वही परत घेतली आणि पुढे लिहिणे बंद केले. त्याऐवजी वहिनींनी ऐकायचे आणि वाचून झाल्यावर दोघांनी त्या प्रसंगातल्या एका माणसाविषयी बोलायचे, असे ठरले. वाचनाला ऐकणारे माणूस लागते हे मला आधीच कळायला हवे होते. परदेशीपुऱ्याच्या चाळीतही ते कोणासाठी तरीच वाचत होते.

दुसरे वळण अनपेक्षित होते. मार्चअखेरीस वह्या पाहणाऱ्या लेखापालाने कमिटीला सांगितले की हिशेबात एक पैशाचीही चूक नाही, परंतु गरीब निधीतून गेल्या तीन वर्षांत काहीच खर्च झालेला नाही. एक लाख चाळीस हजार रुपये मुदतठेवीत पडून होते. गैरव्यवहार मुळीच नव्हता. मागणीचा अर्ज, दोन शिफारशी, कमिटीचा ठराव अशी पद्धत होती आणि गरजू माणसे त्या पद्धतीपर्यंत पोहोचत नव्हती, इतकेच. दर वार्षिक सभेत ‘गरीब निधीत समाधानकारक वाढ’ असे वाचून दाखवले जाई आणि आपण सगळे टाळ्या वाजवत असू. माझ्या काळातही वाजल्या आहेत. त्या टाळ्यांत माझे हात होते.

भाऊंना हे कळले तेव्हा ते रजेवर होते. ते माझ्याकडे आले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “चौकीदाराच्या आईच्या औषधांची चिठ्ठी मी गेल्या गुरुवारी पाहिली. तो उसने मागत फिरतोय. आणि पैसे माझ्या सहीखाली पडलेत.” त्यांना लगेच रजा मोडून वह्या ताब्यात घ्यायच्या होत्या. हा या प्रकरणातला सर्वांत कठीण क्षण होता. अन्याय दिसत असताना माणसाला बसवून ठेवणे योग्य आहे का? मी म्हटले, “भाऊ, ठराव कमिटीला करू द्या. तुम्ही तिथे जाऊन बसा.” ते नाराज होऊन गेले. कमिटीने नियम बदलायला पाच आठवडे घेतले. त्या पाच आठवड्यांत चौकीदाराला दोन घरांतून उसने घ्यावे लागले, आणि हे माझ्या सल्ल्याच्या खात्यावर आहे.

दरम्यान गुरुवार चालू राहिले. म्हातारी घरी जाऊन पुन्हा दाखल झाली होती. पाकीट नसल्यामुळे पहिल्या दोन भेटींत आपल्याला हातांचे काय करावे हेच कळेना, असे भाऊंनी सांगितले. तिसऱ्या भेटीत म्हातारीने पाणी मागितले, त्यांनी चमच्याने पाजले. एप्रिलमध्ये, ईस्टरआधीच्या दुःखसहन सप्ताहातल्या गुरुवारी, तिने स्वतःच हात पुढे केला. भाऊंनी तो धरला आणि प्रार्थना केली, मराठीत. तिला मराठी येत नव्हते. काय म्हणालात, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “आई म्हणायची तेच. ‘प्रभो, हिचा श्वास तुझ्या हातात आहे, तू हिला सोडू नकोस.’ एवढंच. मग मला पुढे बोलता आलं नाही, पण या वेळी कारण वेगळं होतं.”

परिणाम

मे महिन्याच्या मध्यावर म्हातारी वारली. दफनविधीला भाऊ कबरीपाशी शेवटपर्यंत थांबले आणि माती लोटणाऱ्यांत होते.

पेंटेकॉस्टनंतर ते खजिनदार म्हणून परतले, दोन अटींवर. मोजणी आता उपासनेनंतर होते, आणि गरीब निधीतून पाच हजारांपर्यंतची मदत पाळक व एक पंच त्याच दिवशी देऊ शकतात. वार्षिक सभेत त्यांनी अहवाल वाचला, तेव्हा त्या निधीची शिल्लक घटली होती आणि त्यांनी ती रक्कम न थांबता वाचली. एका सभासदाने त्यावर चिंता व्यक्त केली.

त्यांच्या आतल्या बदलाविषयी मला जपून लिहायला हवे. त्यांना कोणताही दृष्टान्त झालेला नाही. मार्कचे सोळा अध्याय मेच्या अखेरीस संपले आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. काही आठवडे अगदी कोरडे जातात, असे ते सांगतात. फरक एवढा की आता ते त्यांना कळते आणि खुपते. मुदतठेवीतली वडिलांच्या थकबाकीची रक्कम त्यांनी मोडली नाही, पण ज्या रात्री तिच्याविषयी आभार मानले त्या रात्री वहिनींनी मला फोन केला. वर्षभरापूर्वी जमा झालेल्या पैशांचे आभार! भजन म्हणायचा प्रयत्न झाला, पण दोघांनाही दुसरे कडवे आठवेना. त्यांनी नगरला राहणाऱ्या मावशींना विचारून ते लिहून घेतले.

मुलगा पुण्याला असतो आणि चर्चला जात नाही. वडिलांच्या रजेचे त्याला आश्चर्य वाटले, एवढेच भाऊ सांगतात. याहून अधिक काही घडले असे मी लिहू शकत नाही.

आज वेगळे काय केले असते

वहीचा उल्लेख वर आला आहे. त्याहून मोठी चूक वहिनींच्या बाबतीत झाली. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना निरोप आणणारी व्यक्ती समजलो. अठरा वर्षे त्या घरातली कौटुंबिक उपासना त्यांनी एकटीने चालवली होती, भाऊ शेजारी बसून फोन पाहत असताना. त्यांचा विश्वास कसा आहे, त्या थकल्या आहेत का, हे मी विचारलेच नाही. जूनमध्ये सगळे सुरळीत झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “रजा मलाही हवी होती.” त्या एका वाक्याने मला रात्री झोप लागली नाही. दोघांसाठी एकदम विचार करायला हवा होता, आणि वहिनींशी बोलायला मंडळीतली एखादी ज्येष्ठ ताई हवी होती.

पाच आठवड्यांच्या विलंबाविषयी माझे मत आजही डळमळते. भाऊंनी वह्या ताब्यात घेतल्या असत्या तर मदत दोन दिवसांत मिळाली असती आणि ते पुन्हा वेस्ट्रीत गेले असते. पण एका माणसाच्या आत्मिक भल्यासाठी दुसऱ्याने उसने मागत फिरावे, हे समर्थन मला देवासमोर करता येणार नाही. तिसरा मार्ग होता : मी स्वतः त्याच संध्याकाळी कमिटीच्या चिटणिसांच्या घरी जायला हवे होते. मी पत्र लिहिले.

आणि पाळक म्हणून घरभेटींना जात होतो, तेव्हा भाऊंच्या घरी काय विचारत होतो, हे मी आठवून पाहिले. छताच्या दुरुस्तीचा निधी किती जमला, हे विचारत होतो. सहा वर्षांत ‘तुमची प्रार्थना कशी चालली आहे’ असे एकदाही विचारले नाही, कारण उत्तर वाईट आले असते तर खजिनदाराचे काम कोणाला द्यायचे हा प्रश्न माझ्यापुढे पडला असता. तसे मी मनात कधी म्हटले नव्हते. पण आज तपासून पाहतो तेव्हा कारण तेच दिसते.

यंदाच्या उपवासकाळासाठी भाऊंनी कमिटीकडे पुन्हा रजेचा अर्ज दिला आहे, या वेळी आपणहून. त्याच अर्जात त्यांनी सुचवले आहे की गायनमंडळाच्या प्रमुखांना आणि संडे स्कूलच्या अधीक्षिकांनाही एकेक महिना नुसते बाकावर बसू द्यावे. दोघांनाही पंधरा वर्षांहून अधिक काळ झाला आहे. मागच्या बैठकीत वेळ अपुरा पडल्यामुळे तो विषय पुढच्या बैठकीवर गेला.